शिट्टीनंतर उरलेला हात

बस जरा. टॉवेल घे, दात वाजताहेत तुझे. उद्यापासून लहानांचा पोहण्याचा वर्ग तू घेणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवायची. शिट्टी झाली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. बुडणारं माणूस ओरडत नाही गं. तोंडात पाणी असताना हाक कुठून मारणार? माझी धाकटी बहीण याच तलावात गेली, माझ्यापासून चार हातांवर. तिची जोडीदार मीच. तिचा हात सोडून काठावर स्वतःची वेणी घालत बसले होते. तीस वर्षं झाली. तेव्हापासून केस कापूनच ठेवलेत.

गेल्या वर्षी एका दुपारी अकराच मुलं आली. एकटी उरली ती मुंगी. एवढीशी होती, म्हणून सगळे मुंगीच म्हणायचे. तिला म्हटलं, "तुझी जोडीदार मी." तेवढ्यात कुणाचे तरी वडील वेळेवरून हुज्जत घालायला आले आणि मी पाठ फिरवली. माझी अक्कल बघ.

मग शिट्टी वाजवली, जोड्या मोजल्या. सहा. बरं वाटलं. आणि लगेच पुन्हा मोजल्या. मी तर काठावर, मग अकरा मुलांत सहा जोड्या कशा?

खोल टोकाला दोन हात वर होते. एक मुंगीचा, पण तिचं डोकं पाण्याखाली. दुसऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलेलं... त्या हाताखाली कुणीच नव्हतं.

उडी मारली. बाहेर काढली तेव्हा तिचा श्वास बंद होता. तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. खोकली एकदाची. छातीत गेलेलं पाणी नंतरही दगा देतं, म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. मी उशाशी बसून होते.

"बाई, ती मुलगी म्हणाली, हात खाली घेऊ नकोस. माझी ताई बघेल."

"कोण मुलगी गं?"

"पाण्यातली... ती विचारत होती, ताईची वेणी झाली का?"

वेणीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. त्या दिवशी मुंगीला कुशीत घेऊन मी पोटभर रडले.

तेव्हापासून मुलं बारा असली तरी शिट्टीनंतर एक हात उरतो. घाबरू नकोस. मी पाण्यात उतरते, तो धरते. गार असतो, अजून तेवढाच लहान आहे. उद्या तुला दिसला तर तूही धर, एकटा ठेवू नकोस.

फक्त... परवा मी सोडायला गेले, तर तिने सोडला नाही.