झाकणाच्या आतली तारीख

१९९७ सालच्या फेब्रुवारीत मी राधानगरीकडं दूध संस्थांचे कागद तपासायला गेलो होतो. तेव्हा मी दूध संघात सुपरवायझर होतो. सकाळी मोटारसायकल काढायची, चार-पाच गावं करायची, संध्याकाळी कोल्हापुरात परत. पण माझं निम्मं लक्ष कागदांवर असायचं आणि निम्मं लोकांच्या मनगटावर.

चावीच्या जुन्या घड्याळांचा मला नाद होता. श्रीमंती नाद नव्हे, पगारात बसेल तेवढाच. त्या वर्षांत खेडोपाडी सेलची घड्याळं आली होती आणि बापाच्या वेळची चावीची घड्याळं ट्रंकेत, देवळीत, गोठ्याच्या खुंटीला जाऊन पडली होती. पन्नास-साठ रुपयांत मिळून जायची, कधी नुसत्या गप्पांवर. एकदा गगनबावड्याच्या वाटेवर एका म्हातारीनं मला भुईमुगाच्या बियाण्याच्या डब्यातून स्विस घड्याळ काढून दिलं होतं, टरफलांसकट. असलं घड्याळ घरी आणायचं, धूळ पुसायची, हळूच चावी द्यायची आणि कानाला लावायचं. आधी काहीच नाही. मग कुणीतरी घसा साफ करावा तशी बारीक खरखर, आणि टिकटिक सुरू. त्या आवाजासाठी मी ऊन-पाऊस बघितला नाही.

राधानगरीत त्या दिवशी एका संस्थेच्या सेक्रेटरीकडून मला एक एचएमटी मिळालं. पांढरी डायल, निळे काटे. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी विरूपाक्षआण्णांकडं गेलो.

महाद्वार रोडच्या आतल्या एका बोळात आण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, दोन स्टुलं आणि भिंतभर टांगलेली बंद घड्याळं. आत गेलं की घड्याळाचे भाग धुवायच्या पेट्रोलचा आणि उदबत्तीचा वास यायचा. आण्णा साठीचे होते. कपाळावर विभूती, उजव्या डोळ्याला भिंग. बोलणं कमी, पण माझं नवं घड्याळ बघितलं की चेहरा उजळायचा.

"आण हिकडं, सयाजी. आज कुठली पोरगी पळवून आणलीस?"

त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि वाकले. वाकले ते तसेच राहिले. मग झाकण टक्कन बसवून घड्याळ माझ्यापुढं सरकवलं.

"झकास चालतंय. हिला काय करायला नको."

"तेल तरी घाला की आण्णा."

"घातलेलं हाय," ते म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

महिनाभरानं पन्हाळ्यावर मला आणखी एक घड्याळ मिळालं. या खेपेला आण्णांनी झाकण उघडलं आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं. भर दुपारी बोळ सुनसान होता.

"बस," ते म्हणाले. भिंग काढून माझ्या हातात दिलं. "बघ आत."

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेलं एक इवलं अक्षर होतं. 'सो'. त्याखाली तारीख, २-११-९४. अक्षरं डावीकडं कललेली होती.

"घड्याळ दुरुस्त केलं की आम्ही आत खूण करतो," आण्णा म्हणाले. "माझी 'वि'. ही माझ्या भावाची. सोमेश. डावखुरा हुता, म्हणून असं तिरकं. मीच शिकवलं त्याला. तुझ्या त्या राधानगरीच्या घड्याळात पण हुती. एक्क्याण्णव सालची."

"मग कुठं असतात ते?"

आण्णांनी भिंतीकडं बघितलं.

"पंच्याऐंशीला गेला. मी सोता खड्ड्यात उतरून, आमच्यात बसवत्यात तसं, त्याला बसवलंय, सयाजी. ह्या हातानं माती दिली..."

भिंतीवरची सगळी घड्याळं बंद होती, आणि माझ्या मुठीतलं ते एकटंच वाजत होतं.

त्या दुपारी आण्णांनी सगळं सांगितलं. दोघं भाऊ याच फळीवर बसायचे. चौऱ्याऐंशी साली एका गिऱ्हाइकाचं सोनेरी घड्याळ दुकानातून नाहीसं झालं. आण्णांनी चार लोकांसमोर भावाची पेटी तपासली, खिसे उलटे केले. सोमेश आपली हत्यारं गोळा करून निघून गेला आणि गावोगावचे बाजार करू लागला. महिन्याभरात ते घड्याळ सापडलं. फळीच्या मागं भेगेत पडलं होतं.

"मग आणायला गेला नाहीत?"

"उद्या जातो, उद्या जातो करत सात म्हयनं गेलं. तोंड दाखवायची लाज वाटत हुती. आन् मग नेसरीच्या बाजारात, भर उन्हात, घड्याळ दुरुस्त करता करता पडला. ऊन लागलं म्हणाले. जीप करून घरी आणला. बोललो न्हाय रे मी त्याच्यासंगं... एक शब्द न्हाय."

त्यानंतर मी घड्याळं शोधत होतो ते खरं तर त्या अक्षरासाठी. आण्णा दर आठवड्याला विचारायचे, "घावलं काय?" त्यांना भीती वाटत नव्हती. भीती मला वाटत होती.

चैत्रात कामानिमित्त नेसरीला गेलो. आकाराम नावाचे एक शेतकरी संस्थेत दूध घालायला आले होते. त्यांच्या हातात जुनं चावीचं घड्याळ होतं. मी विचारलं, चालतं का?

"न चालायला काय झालं? आठ दिसांमागं बाजारात दुरुस्त करून घेतलंय."

"कुणाकडनं?"

"बसतोय की एक पावणा चिंचंखाली. पैसं घेत न्हाय. तुमच्याकडचाच हाय बघा, कोल्हापूरचा." आकाराम हसले. "कोण कोल्हापूरला जाऊन आलं म्हटलं की इचारतोय, आमच्या आण्णाचं दुकान उघडं हाय न्हवं?"

माझ्या पाठीतून गार काहीतरी सरकत गेलं. चाळीस अंशाचं ऊन होतं.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघं एस्टीनं नेसरीला उतरलो. आण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. वाटभर हात सदऱ्याच्या खिशावर होता. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही.

बाराच्या सुमाराला बाजार मोडत आला होता. ऊन इतकं पांढरं होतं की माणसं त्यात विरल्यासारखी दिसत होती. बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज लांब लांब गेला आणि थांबला. चिंच बाजाराच्या अगदी टोकाला होती. तिच्या बुंध्याशी एक पोतं अंथरलं होतं. त्यावर कुणी नव्हतं. पण पेट्रोलचा ताजा वास येत होता, आण्णांच्या दुकानात यायचा तसाच.

शेजारी एक बाई उरलेल्या मिरच्या गोळा करत होती. अंबूबाई तिचं नाव. आण्णांनी पोत्याकडं बोट केलं.

"हितं बसतोय त्यो..."

"बसलाता की आत्ता. तुमी एस्टीतनं उतरलासा, त्यानं मान वर केली आन् उठला. तिकडं गेला."

तिकडं म्हणजे ऊस तोडून पेटवलेलं काळं रान होतं. नजर जाईल तिथपर्यंत उभं झाड नव्हतं. माणूसही नव्हता.

आण्णा पोत्यासमोर मांडी घालून बसले. गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात ते सोनेरी घड्याळ होतं. गिऱ्हाइकाला भरपाई देऊन आण्णांनी ते बारा-तेरा वर्षं स्वतःजवळ ठेवलं होतं.

"तम्मा," ते म्हणाले. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. आवाज अगदी हळू होता, शेजारी झोपलेल्या माणसाला उठवावं तसा. "हे घावलंय रे. फळीमागं पडलतं. तू न्हाय घेतलंस... मला ठावं हाय, तू न्हाय घेतलंस. घरी चल."

चिंचेचं एक पान हललं नाही. आण्णांनी घड्याळ पोत्यावर ठेवलं आणि खूप वेळानं माझा हात धरून उठले. त्यांना घेरी आल्यासारखं वाटत होतं. मी त्यांना स्टँडवर नेलं, चहा पाजला. जेमतेम पंधरा मिनिटं झाली असतील. परत आलो तर चिंचेखाली पोतं नव्हतं. घड्याळ नव्हतं. जमिनीवर पोत्याच्या मापाची स्वच्छ चौकट तेवढी होती.

अंबूबाई पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, आमचीच वाट बघत.

"घेऊन गेला त्यो घड्याळ," ती म्हणाली. "म्हणाला, आण्णाला सांगा, दुरुस्त करतो आन् दुकानात आणून देतो."

परतीच्या एस्टीत आण्णा खिडकीतून बघत हसत होते. मला मात्र ते वाक्य गिळता येईना. आणून देतो...

त्या दिवसापासून आण्णा दुपारचं दुकान बंद करेनासे झाले. जेवणवेळेला बोळातली सगळी दुकानं मिटायची, हे एकटं उघडं. घरून आण्णांच्या पत्नी शांतादेवी काकू दोघांचा डबा पाठवायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला भ्या वाटत नाही?"

"वाटतंय की," त्या म्हणाल्या. "पर दीर हाय माझा. उपाशी गेलाय घरातनं."

श्रावणातली गोष्ट. दुपारी मी दुकानाशी आलो आणि पायरीवरच थबकलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता. दोन माणसं कानडीत बोलत होती. एक आवाज आण्णांचा. दुसरा खालच्या पट्टीतला, जरा कोरडा. मधेच दोघं हसले. आण्णांना मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो, अर्धा तास तरी. मग आवाज थांबले आणि डब्याचं झाकण वाजलं.

आत गेलो. आण्णा एकटेच होते. डोळे लाल, पण चेहरा एखाद्या पोरासारखा निवांत. दोन्ही ताटल्या पुसल्यासारख्या रिकाम्या होत्या. फळीवर ते सोनेरी घड्याळ चालू होतं.

"आला होता?"

"जेवून गेला."

"कुठनं गेला, आण्णा? मी दारात होतो. दुसरी वाट नाही ह्याला."

आण्णांनी ताटल्या एकात एक घातल्या.

"लई बरं वाटलं बघ. मनात काय ठेवलं नव्हतं त्यानं. तुझीबी इचारपूस केली."

"माझी?"

"म्हणाला, ही घड्याळं कोण हुडकून आणतंय? चांगला माणूस दिसतोय. घर कुठं हाय त्याचं?" आण्णा प्रेमानं माझ्याकडं बघत होते. "मी सांगितलं की. बोळ, नंबर, सगळं. येऊ दे कवातरी. त्याला तरी कोण हाय आमच्याशिवाय?"

मी घरी बायकोला काही सांगितलं नाही. वर्षभर दुपारी कडी वाजली की मी आधी खिडकीतून बघायचो. कोणी आलं नाही. घड्याळांचा नाद मी सोडला नाही, पण नंतर कुठल्याच घड्याळात ते अक्षर मिळालं नाही. आण्णांचा दुपारचा डबा मात्र शेवटपर्यंत दोघांचा जात राहिला.

आण्णा २००२ च्या मे महिन्यात गेले. झोपेत, त्रास न होता. मी त्यांना माती दिली, आंघोळ करून दुपारी घरी आलो. उंबऱ्याबाहेर एक पायताणांचा जोड काढून ठेवलेला होता. जुना, उन्हानं काळवंडलेला, टोकं घराकडं.

"कोण पावणं आलंय?" मी विचारलं.

"कोण न्हाय की," बायको म्हणाली. तीही तो जोड आत्ताच बघत होती.

आम्ही घर बघितलं, माळा बघितला, मागचं परडं बघितलं. कोणी नव्हतं. दोन दिवस वाट बघून मी तो जोड पंचगंगेच्या काठी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत उंबऱ्याशी होता, टोकं आत. त्यानंतर आम्ही त्याला हात लावायचं सोडलं. बायको जेवायला बसायच्या आधी एक पान बाजूला वाढते. दुपारी दाराला कडी घालत नाही आम्ही.

चार वर्षं झाली. तो जोड तिथंच असतो. कोणी घालत नाही, जागचा हलत नाही. तरी यंदाच्या दिवाळीत बघितलं तर दोन्ही टाचा पार झिजल्या होत्या. मी महाद्वारात नेऊन नवे तळ मारून आणले. शिवणाऱ्यानं विचारलं, लई चालतंय वाटतं माणूस? मी हो म्हटलं.

आता संक्रांत यायची आहे, आणि डाव्या पायाचा तळ पुन्हा अर्धा उरलाय.