धुकेवीराचा नवा आवाज

"कापुच्चिनो? आत्ता? दुपारी तीन वाजता?"

तुल्लियाने फडका खांद्यावर टाकला आणि समोरच्या मुलाला खालून वर न्याहाळलं. पावसात निथळत होता बिचारा. कोटाच्या बाह्यांमधून पाणी ठिबकत होतं, आणि तरी हसत होता. इटलीत सकाळी अकरानंतर दुधाची कॉफी मागणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर परदेशी, असं तिच्या नोएमी आत्याचं ठाम मत होतं. कॅफे आत्याचा, त्यामुळे मतही आत्याचंच चालायचं.

"आजारी नाही, परदेशीही नाही," तो म्हणाला. "सकाळपासून दूध वर्ज्य होतं. माइकसमोर उभं राहायचं असलं की चालत नाही, घसा धरतो. आत्ता सुटलो."

आवाज मात्र... काय सांगावं! मऊ, खोल, थोडासा खरखरीत. तुल्लियाच्या हातून बशी निसटता निसटता राहिली.

"म्हणजे डबिंगवाले! कोणाचा आवाज देता?"

"कधी डॉक्टर नंबर तीन, कधी बुडणारा खलाशी."

"आणि बुडणारा खलाशी काय बोलतो?"

"'वाचवा.' दोनदा."

ती खळखळून हसली. त्याचं नाव सावेरियो. दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला तो पुन्हा हजर झाला. तिसऱ्या दिवशी अहो-जाहो गळून पडलं, आणि चौथ्या दिवशी तीन वाजायच्या आधीच तुल्लिया दूध तापवायला लागली. आत्याने चष्म्यावरून पाहिलं, पण बोलली एवढंच, "या महिन्यात एक चमचा कमी झालाय गं. कोण नेतं मेलं?"

आता तुल्लियाचं एक वेड सांगायलाच हवं. 'धुकेवीर' हा परदेशी सिनेमा तिने अकरा वेळा पाहिला होता. धुकं होऊन भिंतीतून जाणारा, पण धुकं झाला की कोणाला स्पर्श करू न शकणारा तो वीर! त्याला आवाज देणारे म्हातारबुवा आता निवृत्त झाले होते, आणि दुसऱ्या भागात आवाज कोणीतरी नवाच देणार होता. बाई, घरातलं कोणी गेल्यासारखं तिने ते मनाला लावून घेतलं होतं.

"दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत," ती सावेरियोला ऐकवायची. "आणि तो नवा आवाज! रेकणार बघ गाढवासारखा."

सावेरियो कपात बघत चमचा ढवळत राहायचा. "गाढवाला एक संधी तरी देशील?" एकदा त्याने हळूच विचारलं.

"मुळीच नाही. तुला का एवढा पुळका?"

"मला...? छे. मला कशाला?"

सगळं असं गोड चाललं होतं. पण एका शुक्रवारी त्याच्या मागोमाग हिरव्या कोटातली एक बाई आत आली. लुदोविका. उंच, मोकळ्या केसांची. हसली की सगळा कॅफे वळून बघायचा. तिने सावेरियोच्या कॉलरवरचा धागा काढला — स्वतःच्या घरचा असल्यासारखा! — आणि म्हणाली, "सोन्या, काल कमाल केलीस हं."

सोन्या! तुल्लियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डबिंगवाले एकमेकांना सर्रास सोन्या-राजा म्हणतात, हे तिला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि पोटात पेटणं वेगळं. त्या दिवशी सावेरियोच्या कॉफीत दूध कमी आणि फेस जास्त होता.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. लुदोविका कधी येते, किती हसते, त्याच्या कोणत्या बाजूला बसते, सगळ्याचा हिशेब तिच्या डोळ्यांत. आपण कोण त्याच्या? कॉफीवाली. आणि ती? दिवसभर त्याच्याबरोबर त्या बंद खोलीत...

त्यातच जाहिरात आली. कॅफेच्या टीव्हीवर दाट धुकं पसरलं, त्यातून एक हात पुढे आला आणि धुकेवीर बोलला, "तुझ्यासाठी मी पुन्हा माणूस होईन."

तुल्लिया जागच्या जागी थिजली. तो आवाज! डॉक्टर नंबर तीन! बुडणारा खलाशी! रोज तीन वाजता तिच्याकडे कापुच्चिनो मागणारा तो आवाज! आणि पाठोपाठ एका बाईचा हळवा, श्वास अडकलेला आवाज आला, "मग... ये ना." तो लुदोविकाचा होता. शंकाच नको.

कॉफीच्या यंत्राच्या वर आत्याने एक जुना फोटो लावला होता. पूर्वीचे डबिंगवाले, एक बाई, एक बुवा, एकाच माइकसमोर गालाला गाल लावून उभे. लहानपणापासून तुल्लिया तो फोटो बघत आली होती. आता त्या बुवाच्या जागी तिला सावेरियो दिसायला लागला, आणि त्या बाईच्या अंगावर हिरवा कोट.

तीन वाजता तो आला. टीव्हीवर पुन्हा लागलेल्या जाहिरातीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि समजून चुकला.

"सांगणार होतो गं. पण सही दिलीय. सिनेमा लागेपर्यंत कामाबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

"मी गाढव म्हणत होते आणि तू मजा बघत होतास!"

"मजा? रात्र रात्र झोप नाही लागली मला."

"असंच उभं राहता ना?" तिने फोटोकडे बोट केलं. "गालाला गाल लावून? 'मग ये ना' म्हणते ती, आणि तू..."

"तुल्लिया, सही..."

"सही! बरं झालं हो, सही सापडली. उद्यापासून कापुच्चिनो तिच्याच हातचा पी. माझ्याकडे अकरानंतर दूध मिळणार नाही."

त्याने खिशातून एक तिकीट काढून ठेवलं. शुक्रवारचं, दुपारच्या खेळाचं. "एवढं बघ. मग नको म्हणालीस तर... मी या गल्लीतही येणार नाही."

तो गेला. तुल्लियाने तिकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि आत्याची पाठ वळताच पुन्हा काढून घेतलं.

शुक्रवारी ती गेली ती सिनेमाला नावं ठेवायलाच. पहिली दहा मिनिटं हाताची घडी घालून बसली. पण मेला सिनेमा चांगला निघाला! नुसती हाणामारी नाही, उडत्या गाड्या नाहीत. धुकेवीर एका स्वयंपाकघरात टेबलाशी बसतो आणि त्याला पाण्याचा पेला उचलता येत नाही, बोटं आरपार जातात... बस, एवढाच प्रसंग, आणि सगळं थिएटर चिडीचूप. तुल्लियाची घडी कधी सुटली तिलाच कळलं नाही. जुन्या म्हातारबुवांची आठवण तर आलीच नाही.

मग ती बाई पडद्यावर आली. धुकेवीर तिच्या दारात थांबला. म्हणाला, "तुझ्यासाठी मी..."

आणि दिवे लागले! मध्यंतर. वाक्याच्या ऐन मध्यावर सुरी घालायची या थिएटरांची जुनीच खोड. लोक मुकाट्याने आइस्क्रीम आणायला उठले. तुल्लियाच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला, कारण तीन खुर्च्या सोडून हिरवा कोट बसला होता.

ती सरळ जाऊन उभी राहिली. "तुमचं आणि सावेरियोचं काय आहे?"

लुदोविकाने मान वर केली. "अगं, तू कॅफेमधली ना?"

"हो. कॉफीवाली. सांगा."

"काय सांगू बाई? सबंध सिनेमाभर आम्ही एकदाही एका खोलीत नव्हतो."

"खोटं! फोटोत..."

"तो फोटो माझ्या आजीच्या काळचा! हल्ली जो तो एकटा बोलतो. मी मंगळवारी, तो गुरुवारी. गोष्ट फुटू नये म्हणून पडदासुद्धा काळा करतात, फक्त बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, नाण्याएवढ्या गोलात. आता सिनेमा लागला, म्हणून बोलतेय. त्याने जे म्हटलं ना, ते अंधाराला म्हटलंय. मी नंतर कानात ऐकलं आणि दिग्दर्शकांना विचारलं, हा कोणाशी बोलतोय हो?"

"मग?"

"ते म्हणाले, चमच्याशी." लुदोविका हसायला लागली. "कॉफीचा चमचा आणतो खिशातून. समोर ठेवतो आणि त्याच्याकडे बघून बोलतो. कोणाचा चमचा, ते मला काय ठाऊक!"

तुल्लिया जी खाली बसली ती बसलीच. महिनाभर जी बाई तिने मनातल्या मनात भाजून काढली, ती बाई त्या काळ्या पडद्यासमोर कधी नव्हतीच. तिथे होता आत्याचा हरवलेला चमचा.

दिवे मालवले. वाक्य पुढे सुरू झालं, "...पुन्हा माणूस होईन." आणि मग त्याने जो श्वास घेतला, तो तुल्लियाच्या ओळखीचा होता. गरम कपाला ओठ लावण्याआधी सावेरियो रोज असाच श्वास घ्यायचा. ती रडली. शेवटी धुकेवीर आपली शक्ती कायमची सोडून देतो आणि पाण्याचा पेला उचलतो, तेव्हा तर हुंदका मागच्या रांगेपर्यंत गेला.

सावेरियो आत बसलाच नव्हता. स्वतःचा आवाज ऐकायची हिंमत नाही, म्हणून थिएटरच्या छपराखाली, पावसाच्या कडेला उभा होता, रंग उडालेला.

"शिळी कढी?" त्याने विचारलं.

"पहिल्यापेक्षा चांगला आहे," ती नाक ओढत म्हणाली. "कोणाला सांगू नकोस, मी अकरा वेळा पाहिलाय पहिला. आत्याचा चमचा काढ."

त्याचे कान लाल झाले. त्याने खिशातून चमचा काढून तिच्या तळहातावर ठेवला. कोमट होता.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "जळत होते मी. त्या हिरव्या कोटावर, त्या फोटोवर, त्या पडद्यावरच्या बाईवरसुद्धा. कारण तू मला हवा आहेस. झालं! आता तू बोल. तेच, पण माझ्याकडे बघून."

आणि काय सांगावं! साऱ्या इटलीला रडवणारा तो आवाज, त्याचा पार बोऱ्या वाजला.

"तु... तुल्लिया... मी, म्हणजे... तू... मला..." तो थांबला, घसा खाकरला. "थांब, पुन्हा घेतो."

तुल्लियाने चमचा त्याच्या ओठांवर आडवा धरला.

"नको," ती म्हणाली. "हेच ठेव."

मग दोघं पावसातून कॅफेवर गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि आत्याच्या डोळ्यांदेखत तुल्लियाने दूध तापायला ठेवलं.