एक घर ऱ्हायलंय

"डावीकडं न्हाय रं, उजवीकडं. अजून दोन घरं."

मंथनला लहानपणचा हा आवाज तेवढा लख्ख आठवायचा. पोरीचा, भिजल्या सुतासारखा मऊ. बाकी सगळं धूसर. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेघांचे चौकोन, आणि लाल ठिपक्यांची इवली बाहुली. कळ दाबली की बाहुली एक चौकोन पुढं. तिला घरी पोचवायचं, असा काहीतरी कंप्युटरचा खेळ. नाव मात्र काही केल्या आठवेना.

आणि ते सापडायलाच हवं होतं. मंथन निवेदक होता. निपाणीपासून खानापूरपर्यंत लग्न असो, सत्कार असो, माईक त्याच्याच हातात. आवाजावर पोट चालायचं. पण दिवाळीपासून वधूवरांची नावं घेता घेता त्याच्याच गळ्यातून मधेच ती पोर बोलायची, "घर ऱ्हायलंय रं." मांडव हसायचा. निपाणीच्या एका मंडळानं तर पुढचा कार्यक्रम दुसऱ्याला दिला. खेळ सापडला, पुरा केला, की हे थांबेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

इंटरनेटवर जुन्या खेळांचे शौकीन असतात. त्यांना त्यानं चित्र काढून विचारलं. साप झाले, विटा झाल्या, भुलभुलैया झाला. शेवटी एकानं लिहिलं, "भाऊ, त्या काळचा गेम 'न्हाय रं' म्हणायचा? मग चहाही विचारत असेल!"

तेव्हा तो वडगावला गेला, चुलतीकडं. बायाक्काच्याच घरी तो लहानाचा मोठा झालेला. गल्लीत यंत्रमाग खटखटत होते, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

"खेळ कुठला रं? तुझ्या अंबाजीकाकांनी साडीची नक्षी काढायला आणलता तो कंप्युटर."

"बोलायचा की तो, आक्का."

"त्याला आवाजबी न्हवता." बायाक्कानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. "बस. च्या ठेवते."

मागच्या खोलीत कंप्युटर होता तिथंच होता, अंगावर जुनी साडी पांघरून. काका गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मंथननं साडी ओढली, आणि काठ हातातच राहिला. काठभर त्याच लाल बाहुल्या, एकीमागं एक. प्रत्येकीच्या गळ्याशी एक चौकोन रिकामा.

नक्षीच्या ग्राफवरच्या चौकोनाला काका घर म्हणायचे. हे घर भर, ते घर सोड.

म्हणजे काकांची नक्षी आपण खेळ समजून बसलो! त्याला हसू आलं. मग ते ओसरलं. 'मला घरी ने' असं ती पोर कधी म्हणालीच नव्हती. घर ऱ्हायलंय, एवढंच म्हणायची.

त्यानं बटण दाबलं. इतक्या वर्षांची धूळ, चालू होईल असं वाटलं नव्हतं. पडदा उजळला. पांढऱ्या रेघा आल्या. बाहुली आली, गळ्याशी एक काळा चौकोन घेऊन.

"एकच," त्याचा गळा म्हणाला. पोरीच्या आवाजात.

बोट कळेवर गेलं.

बाहेर जेवणाची सुट्टी झाली असावी. एकेक माग थांबत गेला.

त्यानं कळ दाबली. चौकोन लाल झाला. बाहुली क्षणभर पुरी दिसली, आणि पडदा विझला.

गल्लीत आता टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

दारात बायाक्का उभी होती. कपातला चहा बशीत सांडत होता.

"भरलंस व्हय ते घर?"

त्यानं मान डोलावली.

ती खाली बसली. "तुला कधी सांगितलं न्हाय बघ. शाळंत घालायचं वय झालं तरी तू बोलत न्हवतास. मुकं पोर म्हणूनच तुझ्या आईनं हितं आणून सोडलतं. दिवसभर त्या कंप्युटरम्होरं बसायचास. एक दिवस लाईट गेली, नक्षीतलं एक घर भरायचं ऱ्हायलं, आन् तू बोललास. पयल्यांदा. पोरीच्या आवाजात. तुझा आवाज मागनं फुटला, मोठा झाल्यावर. आम्ही म्हटलं, बोलतंय न्हवं लेकरू, मग कुणाचा का आवाज आसंना."

तिनं कप खाली ठेवला.

"आता बोल की रं काय तरी."