चार बिलं आणि एक मोना

"अगं आई, कुकर फुकट देतायत! पाच लिटरचा! फक्त सही करायचीये."

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात हे वाक्य कानावर पडलं आणि मी कढीपत्त्याचं पाकीट हातात घेऊन तिथेच थबकले. बाहेर नोव्हेंबरचा गार, बारीक पाऊस. दारात एक टेबल मांडलेलं, त्यावर फुगे, कुकरच्या खोक्यांचा ढीग आणि मोठा बोर्ड : वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल — सगळं आमच्याकडून, एकच बिल! टेबलामागे लाल लिपस्टिकवाली एक मुलगी. आणि समोर भिजलेल्या जॅकेटातला, विस्कटल्या केसांचा एक उंच मुलगा. एका कानाला फोन, आणि दुसऱ्या हाताने टॅबलेटवर सही करायच्या बेतात.

माझं काय जात होतं? काही नाही. पण जित्याची खोड!

"थांबा! सही करू नका."

तो दचकला. "आई, नंतर करतो गं." मग माझ्याकडे वळून, "काहून? कुकर खराब आहे का?"

"कुकर चांगलाच असेल. करार वाचलात? पहिल्या वर्षी स्वस्त देतात, दुसऱ्या वर्षी रेट कुठल्या कुठे नेतात. आणि मध्येच सोडलं तर दंड."

"बाप्पा!" तो म्हणाला आणि हसला… आणि मला उगीचच कढीपत्त्याची एक्स्पायरी डेट बघावीशी वाटली.

"हाय, मी मोना," टेबलामागून आवाज आला. एडिसनमध्ये जन्मलेलं, वाढलेलं, गोड गोड मराठी. "तुम्हाला पण कुकर पाहिजे का?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. त्या क्षणापासून मला ती आवडली नाही. कारण विचारू नका.

त्याचं नाव नकुल. नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, जर्सीत येऊन तीन महिने झालेले. मी देवयानी, नाशिकची, एका औषध कंपनीत आकडेमोड करते आणि घरी आल्यावरही आकडेमोडच करते. त्या दिवशी त्याने सही केली नाही. उलट शेजारच्या डोसेवाल्याकडे मला डोसा खाऊ घातला, कॉफी पाजली आणि फोनवर आपली चारही बिलं उघडून माझ्यापुढे धरली, डॉक्टरला जीभ दाखवावी तशी.

"तारा आणि पाइप जुन्याच कंपनीचे राहतात," मी सांगायला लागले. "वीज आणि गॅस विकणारा तेवढा बदलता येतो. सुटं घेतलं की जे जिथे स्वस्त ते तिथून घ्यायचं. बंडल म्हणून सगळं एकाच्याच हातात दिलं की मग तो म्हणेल ती पूर्व दिशा."

"तुम्ही नेहमी अशाच चिडून समजावता?"

"मी चिडलेली नाहीये."

"नाकाचा शेंडा लाल झालाय."

"थंडीने."

"आत तर हीटर आहे…" तो सांबारात बघत म्हणाला.

मग दर शनिवार तसाच जायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलं नाही. प्रत्येक बिलाची तारीख वेगळी, त्यामुळे दर आठवड्याला त्याला काहीतरी विचारायचं असायचंच. मीही अशी भाबडी की शुक्रवारीच केस धुऊन ठेवायचे — बिलं बघायला!

सगळं छान चाललं होतं. फक्त मध्ये मोना होती.

"मोना म्हणते, मी फार हळू बोलतो." "मोना म्हणते, हा मफलर मला शोभतो." अरे, मोना म्हणते तर मोनाकडेच जा ना! डोसेवाल्याकडे यायची वाट तिच्या टेबलावरूनच जायची आणि हे ध्यान दर वेळी तिथे थांबायचं. कधी ती त्याला पेन द्यायची, कधी कॅलेंडर. एकदा तर काचेतून बघितलं, ती पुढे वाकून त्याच्या मफलरची गाठ सारखी करत होती आणि हा आपला शहाण्या बाळासारखा मान वर करून उभा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी डोसा अर्धा टाकला आणि हिरवी चटणी तिखट होती म्हणून सांगितलं.

आणि मग एका शनिवारी तो म्हणाला, "मोनाकडे नवीन प्लॅन आलाय. दोन वर्षं एकच रेट, कधीही सोडा, दंड नाही. पुढच्या शनिवारपर्यंतच आहे."

"बरं."

"सही केली तर ती म्हणते, सेलिब्रेट करू. डिनर. जर्सी सिटीत, नदीकाठी…"

मी पाणी प्यायले. पूर्ण ग्लास.

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, देवयानीला विचारून सांगतो."

"डिनरचं?"

"बंडलचं." तो माझ्याकडे एकटक बघत होता. "डिनरचं पण विचारायला पाहिजे का?"

"मला काय करायचंय? खुशाल जा! नदीत होडी मिळते का तेही बघ."

"नाकाचा शेंडा…"

"गप्प बस."

शुक्रवारी ऑफिसातून आल्या आल्या मी त्याची सगळी बिलं घेऊन बसले. मोनाला खोटं पाडायचं म्हणजे पाडायचंच! तिचा नवीन करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मेला स्वच्छ होता. रेट जुळवून बघितले, तर माझ्या पद्धतीने चारही गोष्टी सुट्या घेतल्या की थोडं का होईना, स्वस्तच पडत होतं. मी सोफ्यावर बसल्या बसल्या टाळी वाजवली. आली मोठी एकच बिलवाली!

मग बिलांच्या तळाशी नजर गेली. लेट फी. परत लेट फी. दर महिन्याला या बावळटाचं कुठलं ना कुठलं बिल भरायचं राहिलेलं. ऑटो पे लावायचं म्हणून मी चारदा सांगितलं होतं, तर त्याने एकालाच लावलं होतं आणि तेही बंद पडलेल्या कार्डावर. ते सगळं धरलं की हिशेब उलटा होत होता. बंडल स्वस्त नव्हतंच, नकुल महाग होता.

लेट फी धरलीच नाही तर? कुणाला कळणार होतं? तो माझा शब्द मोडणारा नव्हता. मोनाचा प्लॅन गेला की डिनर गेलं आणि माझे शनिवार शाबूत. मी खरंच फोन हातात घेऊन तेच सांगायचं ठरवलं होतं.

"घे ते बंडल," त्याने फोन उचलताच माझ्या तोंडून निघालं. "तुझ्यासारख्या वेंधळ्याला एकच बिल परवडेल."

"नक्की?"

"नक्की."

"मग उद्या सही करतो."

"कर."

"देवयानी…"

"काय?"

"काही नाही. थँक्स."

फोन ठेवला आणि मी हमसून रडले. एकच बिल, तेही आपोआप भरलं जाणारं. आता त्याला माझ्याकडे यायचं कारणच काय उरलं? वर मीच त्याला तिच्या टेबलाशी पाठवत होते. असला खरेपणा काय चुलीत घालायचाय?

शनिवारी दुकानात जायचं नाही असं ठरवलं. घरात सगळं सामान होतं. तरी गेले. गाडी लावायला जागा मिळेना, तेवढ्या वेळात चार शिव्या मनातल्या मनात मोनाला आणि आठ स्वतःला घातल्या.

तो टेबलाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट! मला भेटायला कधी इस्त्री केली नव्हती मेल्याने. मोनाने टॅबलेट त्याच्यापुढे सरकवला होता आणि केस कानामागे घेत हसत होती.

"थांब!" मी दारातूनच ओरडले. डाळीच्या रांगेतल्या दोन काकू वळून बघायला लागल्या.

"आता काय?" नकुल म्हणाला. "रेट बदलला?"

"नाही. सही कर. प्लॅन चांगला आहे. पण… डिनरला जायचं नाही."

"काहून?"

"मला चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"तू… तिच्याबरोबर… नदीकाठी! तुझा मफलर दुसऱ्या कुणी बांधलेला मला चालणार नाही. मला राग येतो. रात्रंदिवस येतो. कारण तू मला आवडतोस, गाढवा, आणि आता बिलं नसली तरी तू शनिवारी यायचंस!"

एक काकू दुसरीला म्हणाली, "मराठी आहेत वाटतं."

नकुलचे कान लाल झाले होते. "मी काल रात्रीच मोनाला डिनरचं नाही म्हणून कळवलं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं होतं, तू फोनवर तरी जाऊ नको म्हणशील. तू तर म्हणालीस 'कर'…"

"मी सहीचं म्हणाले!"

"इस्त्री तुझ्यासाठी केलीये. इथून तुझ्याच घरी येणार होतो… विचारायला."

नकाराचं कारण आत्ता कळून मोनाचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा नाही वाटलं, नंतर वाटलं. तिने एक श्वास घेतला आणि टॅबलेट स्वतःकडे ओढला.

"सो… बंडल घेतोयस की नाही?"

"घेतोय," आम्ही दोघंही म्हणालो.

ती भराभर टाइप करायला लागली. "अकाउंटवर अजून कोणाचं नाव टाकायचं? कंपनीशी कोण बोलू शकतं?"

"देवयानी," तो म्हणाला. "भांडूही शकते."

"रिलेशनशिप काय लिहू? स्पाउस, फॅमिली, रूममेट, अदर?"

नकुल माझ्याकडे बघत राहिला. काकूही बघत राहिल्या. माझ्या नाकाचं काय झालं असेल ते मला बघायचंच नव्हतं.

"अदर लिही," मी म्हटलं. "सध्या."

"सध्या?" नकुल म्हणाला.

"सध्या."

मोनाने 'अदर'वर बोट दाबलं, जरा जास्तच जोरात. "ते नंतर चेंज करता येतं," ती मान वर न करता म्हणाली. "नो फी."

नकुलने भर दुकानात माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही.