चांदपाशांच्या हातच्या बांगड्या

सासऱ्यांच्या ओठांपर्यंत गेलेला दुधाचा गिलास आबेदानं झटकन काढून घेतला आणि सगळं घर जागच्या जागी थिजलं...!

"माझ्या माणसाला उपाशी मारून राहिलीस तू!" सासू हुरमतबी कडाडल्या.

"अम्मी, आत्ताच गोळी दिली. दूध तासाभरानं देते. नांदेडच्या डाक्टरीणबाईंनी सांगितलं..."

"खड्ड्यात गेली तुझी डाक्टरीण! माझ्या अब्बाचा थरथरता हात हकिमाच्या भुकटीनंच थांबला होता."

आबेदानं गिलास बाजूला ठेवला. अहमदपूरच्या बाजारात सासऱ्यांचं, चांदपाशांचं बांगड्यांचं दुकान तीस वर्षं चाललेलं. एवढ्या बायाबापड्यांचे हात त्यांनी हातात घेतले, पण काचेचा ओरखडा कुणाला उठला नव्हता. मग तो मेला पार्किन्सन आला, उजवा हात थरथरू लागला आणि बांगड्या फुटू लागल्या. त्या दिवसापासून आबेदाचेही हात रिकामे! "अब्बांनी भरल्या तरच भरीन," एवढंच ती म्हणे. गल्ली नावं ठेवी, ते ती निमूट ऐकून घेई.

आणि तिला सगळं ठाऊक होतं... अम्मींनी चोरून दिलेल्या दुधाच्या गिलासाच्या तळाशी हकिमाची ती खाजकुइलीच्या बियांची भुकटी रोज दिसत होती. पण अम्मींचा जीव तीळतीळ तुटतो म्हणूनच त्या देतात, हेही तिला दिसत होतं. समजावून ती थकली होती.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चांदपाशांचं वेडंवाकडं वळणारं अंग पाहिलं आणि विचारलं, "यांना आणखी काही देताय का?"

हुरमतबींचा चेहरा पांढराफटक पडला. ओढणीचं टोक बोटांत पिळत त्यांनी मान खाली घातली. आबेदा पेचात पडली. डॉक्टरांपासून लपवणं म्हणजे अब्बांच्या जिवाशी खेळणं, आणि सांगणं म्हणजे अम्मींना सोबत आलेल्या मुलासमोर उघडं पाडणं...!

"मी देते, मॅडम," आबेदा म्हणाली. "खाजकुइलीची भुकटी. दुधातून."

तिचा नवरा सद्दाम तिच्याकडे बघतच राहिला.

बाई रागावल्या नाहीत. "भुकटी खोटी नाही. आमच्या गोळीतलं औषध त्या बीमध्येही असतं. पण चमच्यात किती, ते तुम्हालाही कळत नाही अन् मलाही. गोळीवर त्याची भर पडली की अंग असं वळतं. आणि दुधासोबत गोळी नीट लागू पडत नाही. आजार मुळातून जाणार नाही, पण हात बराच सावरेल. फक्त वेळ पाळा."

त्या दिवसापासून सद्दाम बायकोशी बोलेनासा झाला. हुरमतबी लेकीच्या, इकराच्या बाळंतपणासाठी उदगीरला गेल्या. जातानाही त्यांच्या तोंडून सत्य निघालं नाही. आबेदा मात्र घड्याळाला डोळे लावून बसली... आधी गोळी, तासाभरानं दूध. तिनं एक दिवस चुकवला नाही!

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी हुरमतबी परतल्या, त्या दुकानाच्या दारातच थबकल्या. आत बायांची ही गर्दी! आबेदा बांगड्या काढून देत होती, सद्दाम गल्ल्यावर होता. आणि चांदपाशा उमाबाईंचा हात हातात घेऊन हिरव्या बांगड्या चढवत होते, हळूहळू, पण एकही न फोडता.

"चांदपाशाभाऊ, लई दिसांनी तुमचा हात लागला," उमाबाईंचे डोळे भरून आले.

गर्दी ओसरल्यावर चांदपाशांनी हाक मारली, "आबेदा, बेटी, हात दे."

तिनं तीन वर्षं रिकामा असलेला हात पुढे केला आणि हुरमतबींचा बांध फुटला.

"सद्दाम, भुकटी मी देत होते रे! हिनं माझं पाप आपल्या माथ्यावर घेतलं... अन् मी खुशाल घेऊ दिलं!"

सद्दामनं शरमेनं मान खाली घातली. "आबेदा, माफ कर मला," तो कसाबसा म्हणाला.

"अम्मी, तुम्ही मायेनंच देत होता की," म्हणत आबेदानं सासूचे डोळे पुसले. केवढं काळीज त्या पोरीचं!

शेवटच्या बांगडीला चांदपाशांचा हात पुन्हा कापू लागला. आबेदानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते.

हुरमतबी लगबगीनं उठल्या, गोळी आणि पाणी घेऊन आल्या, गोळी नवऱ्याच्या तोंडात घातली. मग दुधाचा गिलास आणून समोर ठेवला आणि त्यावर बशी झाकली.

"हे कवा देऊ गं?"

"पाच वाजता, अम्मी."

"हाव," म्हणत हुरमतबी घड्याळासमोर बसून राहिल्या.