बिजागरीवरचा लाल रंग

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, भर दुपारी, पायलच्या डोळ्यांदेखत एका चालत्या सायकलची घडी झाली.

सायकल घडीचीच होती म्हणा. पण वर माणूस बसलेला असताना तिने मिटायचं नसतं, एवढं तरी तिला कळायला हवं होतं. स्पीडब्रेकरवर ती मधोमध दुमडली आणि तो तरुण थेट पायलच्या दुकानाच्या पायरीशी येऊन पडला. पायल धावली... आणि जागीच थबकली. सायकलच्या लाल दांड्यावर पांढऱ्या अक्षरांत तिचंच नाव होतं.

तिचे वडील, महेंद्र, सुटे भाग आणून दुकानाच्या मागच्या खोलीत घडीच्या सायकली जोडायचे. मोठ्या हौसेने त्यांनी ब्रँडला लेकीचं नाव दिलं होतं.

"लागलं का हो?"

"नाही... म्हणजे हो. हात गेला वाटतं." तो कसाबसा उठून बसला. "ही पायल दिसायला भारी आहे, पण भरवशाची नाही."

"पायल मी आहे."

हात दुखतोय हे विसरून तो तिच्याकडे बघत राहिला. "सॉरी... मी सायकलबद्दल बोलत होतो."

"सायकलपण माझीच आहे," ती पडेल आवाजात म्हणाली.

त्याचं नाव तुषार. मूळचा वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरचा, अंबरनाथच्या एका कंपनीत मशीनवर कामाला. खरवईला चौथ्या मजल्यावर राहायचा आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, म्हणून ही उचलून नेता येणारी सायकल. हे सगळं पायलला दवाखान्यात जाताना रिक्षात कळलं. हाताला प्लास्टर घालताना त्याने दात घट्ट आवळले, पण तिच्याकडे बघून हसलासुद्धा. तिला ते हसू अजिबात झेपलं नाही.

संध्याकाळी तिने आणि पप्पांनी ती सायकल उघडली. बिजागरीची दोन तोंडं जिथे एकमेकांना घट्ट भिडतात, तिथे नुसतं लोखंड असायला हवं. इथे मात्र लाल रंगाचे जाड पापुद्रे होते. सायकल नवी असताना, घडी पक्की धरणारं लिव्हर त्या रंगावरच आवळलं गेलं होतं. वापरून वापरून रंग झडला, लिव्हर सैल पडलं आणि धक्क्यासरशी उघडलं.

पायलने नखाने एक पापुद्रा खरवडला. रंगकाम तीच करायची. गिऱ्हाईक आधी चमक बघतं म्हणून तिने रंगाचा तिसरा हातही मारला होता, अगदी आतपर्यंत, आवडीने.

"कुठे बोलू नको," पप्पा हळूच म्हणाले. "नाव खराब होईल."

"नाव माझंच आहे ना, पप्पा? उद्या अजून कोणी पडलं तर?"

पप्पांनी त्या बिजागरीवरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

सायकल दुरुस्तीला आणा म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती गिऱ्हाइकांना फोन करू लागली. लोक म्हणायचे, बघू, रविवारी आणतो. तेवढ्यात गळ्यात हात अडकवलेला तुषार दुकानात हजर झाला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"सुट्टीवर आहे. घरी भिंती बघत बसू का? द्या इकडे फोन." आणि तो फोनवर सरळ म्हणाला, "दादा, माझा हात मोडलाय. तुमचा मोडायच्या आत सायकल घेऊन या."

लोक तासाभरात यायला लागले. पायल पॉलिश पेपरने बिजागऱ्या घासायची, तो एका हाताने सायकल धरायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो आला की तिला बरं वाटायचं आणि लगेच भीतीही वाटायची, कारण एक गोष्ट त्याला अजून माहीत नव्हती.

शेवटी तिला राहवलं नाही. "तुषार... तो रंग पप्पांनी नाही, मी मारला होता."

त्याचा चेहरा एकदम बदलला. तो आधी प्लास्टरकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, आणि उठून निघून गेला. पायल हातातला पॉलिश पेपर धरून तशीच बसून राहिली. सगळं संपलं असं वाटून तिला रडू फुटलं.

सकाळी तो दारात उभा होता.

"राग आला. खूप आला," तो म्हणाला. "पण तू सांगितलं नसतंस, तर मला कळलंच नसतं. आण ती सायकल, रस्त्यावर बघू टिकते का."

"तू नाही. मी बसणार."

अंबरनाथ एमआयडीसीच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर तिने त्याचीच, बिजागरी घासून नीट केलेली सायकल भरधाव काढली. एका मोठ्या खड्ड्यात चाक दणकन आदळलं. तिने डोळे मिटले. लिव्हर हललंसुद्धा नाही. ती वळून हसत परत आली, तर तुषार फुटपाथवर मटकन बसलेला, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? हात दुखतोय?"

"नाही... तू त्या खड्ड्यात गेलीस ना, माझा श्वासच अडकला. मी स्वतः पडलो तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो." तो बावरून तिच्याकडे बघत होता. "हे काय होतंय मला?"

पायल त्याच्या शेजारी बसली. "तेच, जे मला दवाखान्यातच झालं," ती म्हणाली. "आवडतोस तू मला."

त्याने प्लास्टरवर हलकेच टिचकी मारली. मग म्हणाला, "आईला काय सांगू? हात कोणी मोडला विचारेल."

"खरं ते सांग."

"खरंच सांगणार. जिने मोडला, तिच्याशीच लग्न करायचंय म्हणून."

पायल गर्रकन त्याच्याकडे वळली. लग्नाचा विषय तर अजून कोणी काढलाच नव्हता.

"मला विचारलंस का?"

"विचारतोय ना आता."

"हो," ती म्हणून गेली, आणि या 'हो'चा सगळ्यात मोठा धक्का तिला स्वतःलाच बसला.