बादलीभर विरजण

कुसुम तायडेने रोजच्यासारखा सकाळी पहिल्या पिंपाच्या अंगावर तळहात ठेवला. पोलाद कोमट लागले. काटा आतली उष्णता पासष्ट अंश दाखवत होता, पण काट्यापेक्षा तिचा हातावर जास्त विश्वास होता. तिने कळ दाबली. माणसाहून लांब असलेले ते आडवे पिंप सावकाश एक फेरा फिरून थांबले. आत सरपंच प्रल्हादभाऊंचे काका होते. आज अडतिसावा दिवस. आणखी दोन दिवसांत त्यांची माती होणार होती.

सरणाला लाकूड मिळेनासे झाले तेव्हा सरकारने पाच-पाच गावांमागे एक देहमाती केंद्र दिले. सोयाबीनचे कुटार म्हणजे भुसा आणि कपाशीच्या पऱ्हाटीचा भुगा यांच्या थरात देह ठेवायचा, पिंप दर आठ तासांनी फिरवायचे, बाकीचे काम सूक्ष्मजीव करतात. चाळीस दिवसांनी नातेवाईक दोन पोती माती घेऊन जातात आणि तीत झाड लावतात. सुरुवातीला गावाला हे अघोरी वाटले, मग सवय झाली. हे काम करायला मात्र गावातले कोणी पुढे आले नाही, म्हणून ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या कुसुमला मिळाले. त्याला आता तीन वर्षे झाली होती.

दुसऱ्या पिंपात चौकातल्या दुकानदाराची सून होती. तिसरे रिकामे होते, धुऊन पुसून ठेवलेले. आणि त्याला लागून असलेल्या शीतपेटीत चार दिवसांपासून कुसुमची मावशी गौराबाई पडून होती.

वस्तीची पुरण्याची जागा नाल्याकाठी होती. तिथे मागच्या वर्षी सौरपट्ट्या बसवून कुंपण घातले गेले. त्यानंतर वस्तीतून गेलेले पहिले माणूस म्हणजे गौराबाई. ती केंद्रावर आली त्याच दिवशी ग्रामसभेने ठराव केला, की वस्तीसाठी वेगळे पिंप मागवावे आणि ते येईपर्यंत थांबावे. पण शीतपेटीत सात दिवसांहून जास्त ठेवता येत नव्हते. सातव्या दिवशी जिल्ह्याची गाडी येऊन देह बेवारसांच्या खड्ड्याकडे नेणार होती.

गौराबाईचा मुलगा रतन दारात उभा होता.

"पिंप रिकामं हाय. किल्ली तुह्यापाशी हाय. मंग अडलं कुठं?"

"किल्ली माह्यापाशी हाय, तिथंच अडलं."

"त्यायची नोकर हाय तू, म्हणून म्हण."

"ते बी हाय."

"तीन लेकरं असून माय बेवारस," रतन म्हणाला. "मी कुलूप तोडतो. तू घरी जाऊन बस."

"चोरून घातलं तर मेल्यावर मावशी चोर ठरन रे." कुसुम खाली बसली. "त्यापेक्षा मी खरं काय ते सांगून टाकतो."

आणि तीन वर्षांत कोणाला न सांगितलेली गोष्ट तिने आधी रतनला सांगितली. दह्याला लागते तसे प्रत्येक नव्या पिंपाला विरजण लागते. तयार झालेल्या मातीतली एक बादली काढून ठेवायची आणि पुढच्या देहाच्या थरात मिसळायची. त्यातल्या जिवाणूंशिवाय काम सुरूच होत नाही. गावातली प्रत्येक माती अशी आधीच्या मातीतून झाली होती. आणि सगळ्यात पहिली बादली जिल्ह्याहून आली होती. ज्यांना न्यायला कोणी आले नाही, अशा माणसांची.

रतन आधी हसला. मग त्याचे हसू गेले. "तुले कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. शिकवणाऱ्या साहेबानं सांगतलं होतं, कोणी इचारलं नाही तर बोलू नको."

"अन् तू बोलली नाही."

कुसुमने मान खाली घातली. पगाराची भीती होतीच. पण माणसे त्या पोत्यांना हात जोडत तेव्हा तिला आतून गंमतही वाटत असे. त्या गमतीची आता तिला लाज वाटली.

चाळिसाव्या दिवशी, म्हणजे गौराबाईच्या सहाव्या, प्रल्हादभाऊ भावकीतल्या चौघांना घेऊन पोती न्यायला आले. कुसुमने विरजणाचे सगळ्यांसमोर सांगितले, एका दमात. चौघांतला एक जण पोत्यापासून मागे सरला. प्रल्हादभाऊंच्या वडिलांच्या मातीत परसात गोडलिंब लावला होता. त्याची पाने रोजच्या फोडणीत पडत होती.

"सगळं विरजण फेकून दे. नवं आण," ते म्हणाले.

"नवं तिथूनच येते, भाऊ. तसलंच."

त्यांनी तिला बाजूला घेतले. आवाज खाली आला. "हे पाह्य, तुही मावशी आहे, मले समजते. मागच्या दारानं घालून टाक. आम्ही पाह्यलं नाही. गावाले सांगू, जिल्ह्याले नेली. अन् हे विरजणाचं तू कोणापाशी काढू नको. तुही नोकरी बी राहीन."

कुसुमला क्षणभर वाटले, हो म्हणावे. मावशी कुटाराच्या मऊ थरात निजेल, चाळीस दिवस ऊब मिळेल. आणखी काय हवे?

"नाही भाऊ. पिंपाच्या पाटीवर सगळ्यायचं नाव लागते तसं तिचं लागन. दिवसा लागन."

"मंग गाडी येईन उद्या."

"येऊ द्या. तुमची पोती न्या, मी तुमचं काही अडवत नाही."

संध्याकाळपर्यंत गोष्ट पाचही गावांत पोचली. चौकातल्या दुकानाने वस्तीला मीठसुद्धा दिले नाही. कुसुमने त्या दुकानदाराच्या सुनेचे पिंप वेळच्या वेळी फिरवले. थांबले असते तर आतले शरीर सडले असते. ती बाई पंचवीस वर्षांची होती.

सातव्या दिवशी उजाडताच वस्तीतली माणसे येऊन शीतपेटीभोवती बसली. रतनही बसला, हात मांडीखाली दाबून. गाडी आली. कोणी तिला अडवले नाही. फक्त कोणी उठले नाही. चालकाने दोनदा विचारले आणि मग तो इंजिन बंद करून सावलीत उभा राहिला. रस्त्यापलीकडे गाव जमले होते. प्रल्हादभाऊंच्या परसातला, कोणीतरी उपटलेला गोडलिंब धुळीत पडला होता.

त्या गर्दीतून प्रल्हादभाऊंची आई, यमुनाबाई, निघाली. ऐंशीच्या घरातली बाई, हातात बादली. मुलाने हाक मारली, तिने मागे पाहिले नाही. बसलेल्या माणसांमधून वाट काढत ती कुसुमपाशी आली आणि तिने बादली खाली ठेवली. आत त्या गोडलिंबाखालून उकरलेली, तिच्या नवऱ्याची माती होती, मुळांच्या तंतूंसकट.

"माय, हे परत आणलं का तुमी?" कुसुमने विचारले. "का मावशीच्या विरजणासाठी?"

यमुनाबाईला धाप लागली होती. तिने शीतपेटीवर हात टेकला.

"शाळेत खिचडी शिजवायले गौराले नेमलं होतं, तवा तुहा जन्म बी नसन झाला. माह्या माणसानं पहिल्याच दिवशी तिचं भगुनं नालीत ओतलं. लेकरायसमोर. ते भगुनं तिनं एकटीनं घासलं, मी पाह्यत होतो." तिने बादलीकडे बोट केले. "आमी इचारत बसलो, आमाले चालते का. तिले कोणी इचारलं, पोरी? हा माहा माणूस अंगाले लागलेला तिले चालन का?"

कुसुमने रतनकडे पाहिले. रतन बादलीकडे पाहत होता.